घड्याळ मागेपुढे करणं बंद करावं का? आणि केलं तर कोणती वेळ ठेवावी?

मिशिगनकर

अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे करून उन्हाळी वेळ लावतात आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा मागे घेतात. परवाच्या रविवारी ती पुन्हा पुढे गेली. आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. शनिवारपर्यंत सूर्य सातच्या आत उगवत होता, रविवारपासून आठला थोडी मिनिटं कमी असताना उगवतोय. धाकटा हायस्कूलमध्ये आहे आणि त्याची बस सातच्या आधी येते. मार्च लागल्यावर कुठे तो उजेडात बसमध्ये चढायला लागला होता, आता पुन्हा मिट्ट काळोख. सोमवारी पहिल्या तासाला अर्धा वर्ग पेंगत होता म्हणे.

नकाशा पाहिलात तर आमचं दुखणं लक्षात येईल. आमची ईस्टर्न टाइम (अमेरिकेच्या पूर्व भागाची वेळ) ज्या ७५ अंश पश्चिम रेखांशावर बेतलेली आहे तो फिलाडेल्फियाजवळून जातो. डेट्रॉइट ८३ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आमचं घड्याळ मुळातच सूर्याच्या अर्धा तास पुढे पळतं. त्यात उन्हाळी वेळेचा एक तास घातला की सूर्य डोक्यावर येतो दुपारी दीडला! नोव्हेंबर ते मार्च हे चार महिने सोडले तर वर्षभर आम्ही असेच जगतो.

माझं मत स्पष्ट आहे. वर्षातून दोनदा घड्याळ फिरवणं बंद करावं आणि कायमची प्रमाणवेळच ठेवावी, म्हणजे आत्ता हिवाळ्यात असते ती. संध्याकाळचा उजेड सगळ्यांनाच आवडतो, मलाही आवडतो. पण सकाळचा उजेड ही शरीराची गरज आहे, आणि त्याची किंमत मोजतात ती शाळेतली मुलं आणि पहाटे कामाला जाणारी माणसं.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? भारतातून अमेरिकेच्या किंवा युरोपच्या वेळेवर काम करणाऱ्यांनीही लिहा.

केशरीभात

+१. आमच्या आठ महिन्यांच्या लेकीला काँग्रेसचा (म्हणजे इथल्या संसदेचा) कायदा अजून कळलेला नाही. तिची दुपारची झोप जुन्या वेळेवर, डे-केअरची नव्या वेळेवर. दोन आठवडे सगळ्यांचीच चिडचिड.

कव्हर_ड्राइव्ह

फिरवाफिरवी बंद करा याला शंभर टक्के अनुमोदन. पण ठेवायची असेल तर उन्हाळी वेळ ठेवा!

मी न्यू जर्सीत, एडिसनला. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो म्हणून ऑफिस सुटल्यावर आमची टेनिस बॉलची लीग चालते. मुलं बागेत असतात, भारतातून आलेले आई-बाबा जेवणानंतर शतपावलीला बाहेर पडतात. तुमची प्रमाणवेळ ठेवली तर जूनमध्ये सूर्य साडेसातला मावळणार आणि पहाटे साडेचारच्या आधीच उगवणार. त्या उजेडाचं कोण काय करणार? सगळे झोपलेले असतात. सिनेटनेसुद्धा २०२२ च्या मार्चमध्ये कायमच्या उन्हाळी वेळेचं विधेयक एकमताने मंजूर केलं होतं. तिथे कुठल्याही गोष्टीवर एकमत होत नाही, यावर झालं. पुढे काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहात, हाउसमध्ये, अडकलं ते सोडा.

तात्या_शिकागो

@कव्हर_ड्राइव्ह, हा प्रयोग होऊन गेलेला आहे आणि मी तो अंगावर घेतलेला आहे.

मी १९७१ मध्ये इथे आलो. १९७३ च्या शेवटी अरबांनी तेल बंद केलं आणि पेट्रोलसाठी रांगा लागायला लागल्या. ऊर्जा वाचवायची म्हणून निक्सनसाहेबांनी वर्षभर उन्हाळी वेळ ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. ६ जानेवारी १९७४ ला, ऐन थंडीत, घड्याळं पुढे गेली. सुरुवातीला बहुसंख्य लोक खूश होते. आमच्या ऑफिसातही सगळे म्हणत होते, छान झालं, घरी जाताना थोडा उजेड मिळेल.

मग पहिला सोमवार उजाडला, म्हणजे उजाडलाच नाही. शिकागोत सूर्य सव्वाआठनंतर उगवायला लागला. शेजारची पोरं हातात टॉर्च घेऊन शाळेला जाताना मी रोज बघत होतो. फ्लोरिडात शाळेला जाणारी मुलं अंधारात गाड्यांखाली आली, त्याच्या बातम्या आल्या आणि वातावरण पालटलं. महिन्या-दोन महिन्यांत त्याच लोकांचा पाठिंबा कोसळला. दोन वर्षांसाठी आणलेला कायदा त्याच वर्षी बदलावा लागला आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये घड्याळं पुन्हा मागे आली.

आज कायमची उन्हाळी वेळ मागणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांना जूनची संध्याकाळ दिसते. मी जानेवारीची सकाळ पाहिली आहे.

राजगडचा_वारा

तात्या, जबरदस्त प्रतिसाद. हे माहीत नव्हतं.

पण हे सगळं मुळात शेतकऱ्यांसाठी सुरू केलं होतं ना? शाळेत असंच काहीतरी वाचल्याचं आठवतं.

बोइलरमेकर

@राजगडचा_वारा, नेमकं उलट आहे. शेतकरी पहिल्यापासून विरोधात होते. गाईची धार काढायची वेळ गाय ठरवते आणि दव सुकल्याशिवाय गवत कापता येत नाही, पण दुधाची गाडी आणि बाजार मात्र घड्याळावर चालणार. म्हणून अमेरिकेत पहिल्या महायुद्धात आणलेली ही पद्धत १९१९ मध्ये काँग्रेसने रद्द केली, तीसुद्धा अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून. त्यामागे शेतकऱ्यांचाच रेटा होता.

कल्पना पहिल्यांदा मांडली ती न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने, १८९५ मध्ये. त्याला कामावरून सुटल्यावर कीटक गोळा करायला उजेड हवा होता. इंग्लंडमध्ये विल्यम विलेट नावाच्या बिल्डरने १९०७ पासून धोशा लावला, पण १९१५ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी कोळसा वाचवायला जर्मनीने सगळ्यात आधी देशभर ही वेळ लागू केली.

वीज वाचते का, याचं चांगलं उत्तर आमच्या इंडियानाने दिलं. मी इथे पर्ड्यू विद्यापीठात आलो तेव्हा राज्याच्या बहुतेक काउंट्या घड्याळ बदलतच नव्हत्या. २००६ पासून सगळ्यांनी बदलायला सुरुवात केली, त्यामुळे आधीची आणि नंतरची घरगुती बिलं पडताळून बघता आली. निघालं काय, तर वापर साधारण १ टक्क्याने वाढला! दिव्यांचा खर्च घटला, पण लोक ऊन असताना घरी येऊन एसी लावायला लागले. विलेटच्या काळात एसी नव्हते.

फिनिक्सवाला

आम्ही हा धागा शांतपणे वाचतोय. ऍरिझोनात घड्याळ बदलत नाही. १९६७ मध्ये एकदा करून बघितलं आणि १९६८ पासून बंद. कारण एकच, ऊन. जूनमध्ये ४३-४४ अंश तापमान असताना सूर्य आणखी तासभर उशिरा मावळावा असं इथे कोणालाच वाटत नाही. मुलांना पोहायला नेण्यासाठीसुद्धा आम्ही सूर्य खाली जायची वाट बघतो.

आणखी एक सुख म्हणजे भारताशी आमचा फरक बारा महिने साडेबारा तासांचा. घरच्या घड्याळात अर्धा तास मिळवायचा आणि सकाळची रात्र करायची. माझ्या आईला हे तोंडपाठ आहे. न्यू जर्सीतल्या बहिणीला फोन करताना मात्र "आत्ता साडेनऊ की साडेदहा?" असं दर वेळी विचारते.

गंमत हवी असेल तर उन्हाळ्यात मॉन्युमेंट व्हॅलीकडे गाडी घेऊन जा. राज्य घड्याळ बदलत नाही, नवाहो या मूळ रहिवाशांचं नवाहो नेशन बदलतं आणि नवाहोंच्या मध्ये असलेला होपींचा भाग बदलत नाही. आम्ही टूरची वेळ त्यांच्या घड्याळाने की आमच्या, हे दोनदा फोन करून विचारून घेतलं होतं.

निशाचर

मी नर्स आहे, रात्रपाळी करते. मार्चमधल्या त्या रात्री पाळी एका तासाने कमी होते आणि नोव्हेंबरमध्ये वाढते. लोकांना वाटतं आमचं बरं आहे, मार्चमध्ये लवकर घरी! पण नोव्हेंबरची रात्र कशी असते ते सांगते.

रात्रीचे १ ते २ हा तास दोनदा येतो. १:३० ला दिलेलं औषध पहिल्या दीडचं की दुसऱ्या दीडचं? आमच्याकडे त्या तासात संगणकावर नोंदी करायच्याच नाहीत असा नियम होता. सगळं कागदावर, नंतर भरायचं. आयसीयूमध्ये दर तासाला नोंद असते, तिथे हा तास म्हणजे डोक्याला ताप. चार-सहा तासांनी द्यायच्या वेदनाशामकाचं अंतर बोटांवर मोजून खातरजमा करावी लागते. एवढी सगळी जुळवाजुळव कशासाठी, तर वर्षातून एकदा तास मागे न्यायचा म्हणून.

कुठलीही एक वेळ ठेवा, पण एकच ठेवा.

हिंजवडी_फेज२

पुण्यातून लिहितोय. घड्याळ तुमचं बदलतं, आयुष्य आमचं.

आमचा क्लायंट अमेरिकेत आणि त्यांची दुसरी टीम लंडनला. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते, लंडन शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यू यॉर्क आणि लंडनमधलं अंतर पाचाऐवजी चार तासांचं असतं. त्या काळात रोजची मीटिंग कोणी ठरवली आहे त्याच्या घड्याळाप्रमाणे आमची संध्याकाळ सरकते. उन्हाळ्यात साडेसहाचा कॉल असतो तो हिवाळ्यात साडेसात होतो, आणि कंपनीची बस सातला सुटते. मग हिवाळाभर रिक्षा शोधा.

त्यात रात्री अडीचला संगणकावर आपोआप चालणाऱ्या जॉब्स. मार्चमध्ये तिथे अडीच वाजतच नाहीत, त्यामुळे जॉब चालत नाही. नोव्हेंबरमध्ये दीड दोनदा वाजतो, त्यामुळे दीडचा रिपोर्ट दोनदा जातो. सर्व्हर यूटीसीवर (कधीच न बदलणाऱ्या जागतिक वेळेवर) ठेवा हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कुठल्यातरी जुन्या सिस्टिमला स्थानिक वेळ असतेच आणि त्या रविवारी आमच्यातला एकजण जागा असतोच.

कव्हर_ड्राइव्ह

@तात्या_शिकागो, तुमचा अनुभव मान्य. पण १९७४ मध्ये तो निर्णय ऐन जानेवारीत एकदम लादला होता. लोकांना वेळ दिला, शाळा अर्ध्या तासाने उशिरा भरवल्या, तर जमेल की.

डॉ_पहाट

झोपविकार हा माझा विषय आहे म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आपल्या प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना याच कामासाठी मिळालं. बहुतेक माणसांचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असतं, म्हणजे मोकळं सोडलं तर ते रोज थोडं मागे पडत जातं. त्याला रोज जागेवर आणण्याचं काम डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड करतो. संध्याकाळचा उजेड उलट काम करतो, झोप लांबवतो. म्हणून सकाळचा एक तास आणि संध्याकाळचा एक तास शरीराच्या हिशेबात सारखे नाहीत. कव्हर_ड्राइव्ह, त्या पहाटे साडेचारच्या उजेडाचं कोण काय करणार हा प्रश्न रास्त आहे, पण तो जूनपुरता. कायमच्या उन्हाळी वेळेत डिसेंबर-जानेवारीतही सकाळचा उजेड तासभर लांबतो, आणि शरीराला त्याची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच असते.

वसंतातला बदल तर वेगळाच त्रास देतो. स्वीडनमधल्या नोंदींवरून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यांमध्ये सुमारे ५ टक्के वाढ दिसली. अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या प्राणघातक अपघातांमध्ये त्या आठवड्यात ६ टक्क्यांच्या आसपास वाढ होते असं २०२० मधल्या एका विश्लेषणात आलं. मिशिगनकर, त्यात तुमच्या कामाचा मुद्दाही आहे. टाइम झोनच्या पश्चिम टोकाला हा परिणाम जास्त होता.

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२० मध्ये भूमिका घेतली की बदल बंद करावा आणि कायमची प्रमाणवेळ ठेवावी. शाळा उशिरा भरवण्याच्या तर मी पूर्ण बाजूने आहे. पण जरा विचार करा, उन्हाळी वेळ ठेवून शाळा तासभर उशिरा भरवायची आणि ऑफिसंही उशिरा उघडायची, तर शेवटी आपण प्रमाणवेळेवरच आलो ना?

राइनकाठ

डॉक्टर, उत्तम प्रतिसाद.

जर्मनीतून थोडं. युरोपियन कमिशनने २०१८ मध्ये लोकांची मतं मागवली तेव्हा ४६ लाख उत्तरं आली आणि ८४ टक्के लोकांनी हा प्रकार बंद करा म्हणून सांगितलं. त्यातले जवळपास ३० लाख एकट्या जर्मनीतले! आमच्या ऑफिसात तर लोक एकमेकांना आठवण करून देत होते. मार्च २०१९ मध्ये युरोपियन संसदेने ४१० विरुद्ध १९२ मतांनी ठरावही केला, की २०२१ पासून बदल बंद. त्यानंतर सगळं ठप्प.

कारण प्रत्येक देशाने आपली कायमची वेळ निवडायची होती. स्पेन भौगोलिकदृष्ट्या लंडनच्या रांगेत आहे, पण १९४० मध्ये फ्रँकोने घड्याळ जर्मनीच्या वेळेला लावलं ते आजवर तसंच आहे. त्यांना एक वेळ सोयीची, पोलंडला दुसरी. शेजारच्या दोन देशांनी वेगवेगळी निवडली तर सीमेवर रोज ये-जा करणाऱ्यांचं काय? बंद करा म्हणायला सगळे एकत्र आले, पुढचा प्रश्न कोणी सोडवला नाही. इथेही तेच चाललंय, मिशिगनकर आणि कव्हर_ड्राइव्ह बघा.

रशियाने मात्र दोन्ही करून पाहिलं. २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ, लोक अंधाऱ्या सकाळींना वैतागले, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये कायमची हिवाळी वेळ.

ओवी

लंडनमध्ये दहा-बारा वर्षं काढून आता मिशिगनमध्ये ट्रॉयला आले आहे. संकष्टीचा मुद्दा कोणीच काढला नाही?

लंडनला जून-जुलैत संकष्टीचा चंद्रोदय रात्री साडेअकरा-बाराच्या आसपास असायचा. आई भारतातून फोनवर म्हणायची, आमचं जेवण आटपलं, तुझा उपास अजून सुटला नाही? चंद्राला घड्याळाचं देणंघेणं नाही हे खरं, पण उपास सोडून, भांडी आवरून झोपायला एक वाजायचा आणि सकाळी सातची ट्रेन असायची. प्रमाणवेळ असती तर तोच चंद्र घड्याळात तासभर आधी उगवला असता आणि मला तासभर जास्त झोप मिळाली असती. माझ्या बांगलादेशी शेजारणीचं रमजानमध्ये हेच म्हणणं. मोरोक्कोत रमजानपुरतं घड्याळ तासभर मागे घेतात, हे तिच्याकडूनच कळलं.

दुसरी बाजूही सांगते. ब्रिटनमध्ये वर्षभर ग्रीनिच वेळ ठेवली तर जूनमध्ये लंडनला पावणेचारला सूर्य उगवेल. आमच्या खोलीला जाड पडदे होते तरी मुलगी पाचला उठून बसायची. आणि कायमची पुढची वेळ त्यांनीही करून पाहिली आहे, १९६८ ते १९७१. स्कॉटलंडला हिवाळ्यात सकाळ होईचना. शेवटी संसदेत ३६६ विरुद्ध ८१ मतांनी ती मोडीत काढली.

गिरगावचा_राजा

अवांतर आहे, पण राहवत नाही.

आपल्याकडे हे सगळं होऊन गेलंय. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, पण मुंबईला ती नको होती. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या एका वेळेवर, महानगरपालिका दुसऱ्या. हे १९५५ पर्यंत चालू होतं! माझ्या आई-वडिलांच्या लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.' छापलेलं आहे, नाहीतर निम्मं वऱ्हाड अक्षता पडून गेल्यावर पोचलं असतं. तेव्हाही गिरणी कामगारांचं म्हणणं हेच होतं, की घड्याळ पुढे केलंत म्हणजे आम्हाला ३९ मिनिटं आधी अंधारात उठवता.

दुसऱ्या महायुद्धात तर भारतात घड्याळ तासभर पुढे होतं, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. त्या काळात जन्मलेल्या कोणाचीही पत्रिका करायची तर ज्योतिषी आधी विचारतात, ही वेळ युद्धाची की साधी, आणि मुंबईचा जन्म असेल तर मुंबई टाइम की स्टँडर्ड? माझ्या मोठ्या काकांचा जन्म १९४४ चा. त्यांच्या दोन पत्रिका आहेत आणि दोन्हींत लग्नरास वेगळी.

केशरीभात

@गिरगावचा_राजा, मग काकांच्या बाबतीत कोणती खरी ठरली?

गिरगावचा_राजा

काकू म्हणतात दोन्हीतले चांगले योग खोटे निघाले :)

ब्रिस्बेनकर

ऑस्ट्रेलियातही हाच वाद आहे. सिडनी-मेलबर्न घड्याळ बदलतात, आमचं क्वीन्सलंड नाही. १९९२ मध्ये सार्वमत झालं, साडेचौपन्न टक्के लोकांनी नको म्हटलं. मतदानाचा नकाशा बोलका होता. आग्नेयेकडच्या ब्रिस्बेन भागाला हवं होतं, उत्तरेच्या आणि आतल्या उष्ण भागाला अजिबात नको. फिनिक्सवाला म्हणतात तेच कारण.

सीमेवर कूलंगाटा आणि ट्वीड हेड्स ही जुळी गावं आहेत. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्यं, आणि उन्हाळ्यात दोन वेळा. तिथे लोक डॉक्टरची अपॉइंटमेंट घेताना कुठली वेळ ते विचारून घेतात, ३१ डिसेंबरला नववर्ष दोनदा साजरं करतात. अडचण होते, पण लोक सरावतात. त्यामुळे सीमेची भीती मला तरी फार वाटत नाही.

पावसाळी_सिएटल

मी अल्पमतात असेन, पण आहे तसंच ठेवा असं माझं मत आहे.

आमच्याकडे जूनमध्ये दिवस सोळा तासांचा आणि डिसेंबरमध्ये साडेआठ तासांचा. कायमची प्रमाणवेळ ठेवली तर जूनमध्ये सव्वाचारच्या आधीच सूर्योदय. कायमची उन्हाळी ठेवली तर डिसेंबरमध्ये सूर्य नऊच्या सुमाराला उगवणार. एवढा फरक असलेल्या ठिकाणी कुठलीही एक वेळ बारा महिने सोयीची होणार नाही. वर्षातून दोनदा तास हलवणं हा त्यावरचा मधला मार्ग आहे आणि त्याची किंमत म्हणजे एका आठवड्याची झोपमोड. मला तो सौदा परवडतो. फिनिक्स, ब्रिस्बेन, मुंबई इथे दिवस-रात्रीत फार फरक पडत नाही, त्यांना बदलाची गरजच नाही. प्रश्न अक्षांशाचा आहे.

मिशिगनकर

@पावसाळी_सिएटल, अक्षांशाचा मुद्दा पटतो, या धाग्यातला माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. तरी माझं उत्तर असं की जूनच्या पहाटे सव्वाचारच्या उजेडावर जाड पडद्याचा उपाय आहे. जानेवारीत नऊला उगवणाऱ्या सूर्यावर काहीच उपाय नाही. आणि ती एका आठवड्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. तुम्ही-मी मोजतो ती झोपेत. निशाचर आणि डॉक्टर म्हणतात त्यातले काही ती इस्पितळात मोजतात.

सगळे म्हणतात काँग्रेस काही करत नाही, काँग्रेस काही करत नाही. पण १९६६ च्या कायद्याप्रमाणे कायमची उन्हाळी वेळ ठेवायला काँग्रेसची परवानगी लागते, कायमची प्रमाणवेळ ठेवायला लागत नाही! राज्याने आपल्यापुरता कायदा केला की झालं. ऍरिझोना आणि हवाई तेच करतात. फ्लोरिडाने २०१८ मध्ये आणि त्यानंतर डझनाहून जास्त राज्यांनी उन्हाळी वेळेचे कायदे करून ठेवलेत आणि सगळी वॉशिंग्टनकडे डोळे लावून बसली आहेत. हवं असेल तर त्यांना येत्या मार्चपासूनच घड्याळ हलवणं थांबवता येईल, फक्त दुसऱ्या दिशेने.

नदीपलीकडे

मी कॅनडात, ऑन्टारियोतल्या विंडसरला राहतो, नदीपलीकडे डेट्रॉइटला नोकरी. रोज पूल ओलांडतो. मिशिगनने एकट्याने प्रमाणवेळ ठेवली तर उन्हाळ्यात मी घरून आठला निघून ऑफिसात साडेसातला पोचेन! ऐकायला बरं वाटतं, पण संध्याकाळी तो तास परत द्यावा लागेल आणि मुलाला पाळणाघरातून सहाच्या आत आणायचं असतं.

शिवाय ऑन्टारियोने २०२० मध्ये कायदा केलाय तो कायमच्या उन्हाळी वेळेचा. न्यू यॉर्क आणि क्वेबेक तयार झाले तर लागू होईल. म्हणजे नदीचे दोन काठ दोन दिशांना जाणार. तुमच्याकडे ओहायोतल्या टोलेडोहून येणाऱ्यांचंही तेच होईल. ब्रिस्बेनकर म्हणतात लोक सरावतात, सरावतील कदाचित, पण गाडीच्या सुट्या भागांचे ट्रक दिवसभर पुलावरून ये-जा करतात आणि कारखान्यांच्या पाळ्या एकमेकांना जोडलेल्या आहेत. मिशिगन, ओहायो, ऑन्टारियो यांनी मिळून करायला हवं.

मिशिगनकर

@नदीपलीकडे, खरं आहे, मिळूनच व्हायला हवं आणि त्याला वर्षं लागतील. तोवर मुलं अंधारातच बसची वाट बघणार का?

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ मध्येच सांगितलंय की मिडल आणि हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नयेत. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून हायस्कूलसाठी तसा कायदाच लागू केला. हे आपल्याकडे स्कूल बोर्ड ठरवू शकतं, त्याला ना काँग्रेस लागते ना ऑन्टारियो. बोर्डाच्या सभेत पालकांना बोलायला वेळ देतात, पण तिथे बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात. बसच्या फेऱ्या आणि संध्याकाळचे खेळ या दोन अडचणी हमखास पुढे येतील, त्यांची उत्तरं तयार करून जायला हवं. डॉ_पहाट, तुमचा वरचा प्रतिसाद इंग्रजीत एका पानावर करून द्याल का?

डॉ_पहाट

देते. शनिवारपर्यंत पाठवते. सोबत आपल्या भागातल्या सूर्योदयाच्या वेळांचा तक्ता जोडा, महिन्यावार. बोर्डाला तो लगेच कळेल.

कव्हर_ड्राइव्ह

वेळेच्या बाबतीत माझं मत अजून तेच आहे, संध्याकाळ सोडणार नाही. पण शाळा साडेआठला भरावी याला माझा पूर्ण पाठिंबा. एडिसनला मीही विचारतो.

ओवी

@मिशिगनकर, आमचं डिस्ट्रिक्ट वेगळं असेल, पण मुलगी पुढच्या वर्षी हायस्कूलला जाणार आहे. बसच्या फेऱ्यांचं कसं मांडायचं यावर आधी बोलूया. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे.